सातव्या प्रश्नाचं उत्तर

अनसूया बिराजदार यांच्या मोबाईलमध्ये एकवीस प्रमाणपत्रं आहेत. जलसाक्षरतेचं आहे, घनकचऱ्याचं आहे, अंगावर वीज पडू नये म्हणून काय करावं याचंही आहे. प्रत्येकाला सोनेरी महिरप, खाली कुणाच्या तरी दोन सह्या. एके काळी बाईंना त्यांचा अभिमान होता. हे त्या आजही कबूल करतात, पण असं कबूल करतात की ऐकणाऱ्यानं पुढं काही विचारू नये.

बाई मूळच्या अक्कलकोट तालुक्यातल्या. घरात कानडी, शाळेत मराठी, त्यामुळं राग आवरेनासा झाला की अजूनही तोंडातून कानडीच येतं. राहायला सोलापुरात, सात रस्त्याच्या मागं. रोज स्कूटीवरून मंद्रूप ओलांडून एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जातात. वाडीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं तर ते कुणाच्या तरी अंगाशी येईल, आणि नेमकं बाईंच्याच येईल. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. त्यातले दुसरे गुरुजी वर्षातले सहा महिने कुठल्या ना कुठल्या यादीच्या कामावर असतात. शाळेत रेंज येते ती एकाच जागी, झेंड्याच्या कट्ट्यावर. तेही मोबाईल उजव्या हातात उंच धरून मंद्रूपकडं तोंड केलं तर.

प्रशिक्षणं ऑनलाइन व्हायला लागली तेव्हा सगळ्या शिक्षकांना आधी हायसं वाटलं होतं. सोलापूरला जायला नको, दिवसभर सतरंजीवर बसून पाठ मोडून घ्यायला नको. मग ती महिन्याला तीन-तीन येऊ लागली आणि केंद्रातल्या बारा शाळांनी आपापली वाट काढली. कुणी मोबाईल जोडून कपाटात ठेवून द्यायचं, कुणी खिशात. या बारा शाळांचे साहेब म्हणजे केंद्रप्रमुख सुबोध गुळवे सर. ते मोटरसायकलवरून जाता जाता हजर असायचे. एकदा त्यांचा माइक चुकून उघडा राहिला आणि भजी कुरकुरीत पाहिजेत, हे साऱ्या जिल्ह्याला कळलं. कान देऊन ऐकणारं माणूस एकच होतं, ते कट्ट्यावर हात उंच करून उभं असायचं.

प्रत्येक सत्र संपलं की दहा प्रश्नांची चाचणी यायची. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. साठ टक्क्यांच्या खाली गेलं तर सत्र पुन्हा ऐकायचं आणि वर लेखी खुलासा द्यायचा. बाईंनी उत्तरं केंद्राच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली ती दयेपोटी. एका शाळेतल्या बाई बाळंतीण होत्या, एका गुरुजींच्या गावात रेंजच नव्हती. बाईंनी एका ओळीत लिहून टाकलं, एक-ब, दोन-अ, तीन-ड, आणि पाच मिनिटांत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस शिक्षकांना शंभरपैकी शंभर. खाली जोडलेले हात, अंगठे, फुलं. 'बिराजदार मॅडम आहेत म्हणून आपलं केंद्र आहे,' असं गुळवे सरांनी लिहिलं. हे वाचून कुणाला बरं वाटणार नाही? बाईंनाही वाटलं. तेव्हापासून तो रिवाजच पडून गेला. चाचणी आली की लोक लिंक उघडायच्या आधी ग्रुप उघडायचे.

आता माळाबद्दल. शाळेच्या मागं अकरा एकर गायरान आहे. कागदावर ते 'पडीक'. उन्हाळ्यात बघितलं तर कुणालाही तसंच वाटेल, मुरूम, दगडगोटे आणि पायाला टोचणारी वाळकी कुसळी. अकरा वर्षांपूर्वी बाई मुलांना घेऊन तिथून चालल्या होत्या, तेव्हा एका मुलीचा पाय पडता पडता राहिला. पायाखाली दोन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, उघड्या जमिनीवर ढेकळासारखी दोन अंडी. आणि वीस पावलांवर टिटवीपेक्षा लहान, उंच पायांचा एक पक्षी पळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता. तो धाविक. बाईंनी पुस्तकं मागवून नाव शोधून काढलं आणि नोंदवही घातली. दर वर्षी धाविकाच्या किती जोड्या, चंडोलाची किती घरटी, लांडग्याचा माग कुठं दिसला, कोणतं गवत कधी फुलोऱ्याला आलं. अशा चार वह्या भरल्या. मुलं बदलत गेली, अक्षरं बदलत गेली. शिक्षकांच्या खोलीत त्याला 'बाईंचं वेड' म्हणत.

गवताची नावं मुलांना केराबाईनं शिकवली. केराबाई म्हणजे वाडीवरची मेंढकी. तिची चाळीस मेंढरं त्याच माळावर चरतात. हा पवन्या, हा मारवेल, ही कुसळी, हिचं कुसळ मेंढराच्या तोंडात शिरतं म्हणून ती कोवळी असतानाच चारायची. अंड्यांजवळून कळप नेताना ती काठी आडवी धरून मेंढरं वळवायची. "ते पाखरू हालत न्हाय बगा बाई," ती सांगायची, "मेंढरू अंगावर गेलं तरी हुबं ऱ्हातंय. मंग मेंढरालाच लाज वाटती."

यंदाच्या जूनमध्ये पाच सत्रांची मालिका आली: 'हवामान बदलाशी जुळवून घेणे आणि परिसंस्था संवर्धन'. पहिली दोन सत्रं नेहमीसारखी गेली. तापणारी पृथ्वी, वितळणारा बर्फ आणि मध्येच कुणाच्या तरी घरातला कुकर. तिसऱ्या सत्राला ज्ञानदा मॅडम म्हणून एक संशोधक होत्या. त्यांनी पहिलंच चित्र लावलं ते एका माळाचं. मुरूम, दगडगोटे, वाळकं गवत.

"हे पडीक नाही," त्या म्हणाल्या. "इथं काही कमी पडलेलं नाही. हे असंच असायला हवं."

मग चाळीस मिनिटं त्या गवतावर बोलल्या. दुष्काळानंतर आधी गवतच कसं उठून उभं राहतं, हवेतला कार्बन गवताच्या मुळाशी जमिनीत कसा साठून राहतो, आणि माळावर खड्डे काढून झाडं लावली की ते साठवलेलं कसं उधळून जातं. वर पक्षीही जातात, चाराही जातो. अवर्षणाशी जुळवून घ्यायचं असेल तर असे माळ राखा, झाडं ओढ्याकाठी लावा. आणि शेवटी त्यांनी धाविकाचा फोटो दाखवला.

कट्ट्यावर ऊन तापलं होतं, बाईंचा हात खांद्यातून निखळायला आला होता, आणि त्यांना रडू फुटलं. अकरा वर्षं ज्याला लोक वेड म्हणत होते, ते कुणीतरी शहाणं माणूस आठ-नऊशे शिक्षकांसमोर सांगत होतं. मेंढरं घेऊन चाललेली केराबाई कुंपणाशी थांबली. "काय झालं वं बाई? कुनी गेलं का काय?"

"नाही गं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "कुणीतरी आलंय."

त्या आनंदात बाईंनी चाचणी सोडवली आणि उत्तरं नेहमीसारखी ग्रुपवर टाकली. सातवा प्रश्न होता: गवताळ माळावर कोणती कृती टाळावी? अ, नियंत्रित चराई. ब, गवताचं बी गोळा करणं. क, वृक्षलागवड. ड, पक्ष्यांच्या नोंदी. बाईंनी लिहिलं, सात-क. पाच मिनिटांत अठ्ठावीस जणांचे शंभरपैकी शंभर.

पाचव्या सत्राच्या शेवटी कृती आली. प्रत्येक केंद्रानं एक मोकळी जागा निवडायची, तिथं गिरिपुष्प या झपाट्यानं वाढणाऱ्या परदेशी झाडाची चारशे रोपं लावायची आणि ठिकाण दाखवणारे फोटो चढवायचे. त्या संध्याकाळी ग्रुपवर गुळवे सरांचा निरोप आला. जागा ठरली होती: वाडीच्या शाळेमागचं गायरान, अकरा एकर. ग्रामपंचायतीचा होकार आला होता. खाली सत्तावीस अंगठे होते.

बाईंना आधी हसू आलं. काहीतरी घोटाळा झालाय, सांगितलं की सुटेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी शंकासमाधानाचं सत्र होतं. त्यात बोलायची सोय नव्हती. सगळ्यांचे माइक वरूनच बंद, शंका लिहून विचारायच्या. बाईंनी लिहिलं, 'तिसऱ्या सत्रात माळावर झाडं लावू नका असं सांगितलं, मग ही कृती माळावर कशी?' लिहून होईपर्यंत तो प्रश्न वर सरकून दिसेनासाही झाला. कारण बाकीचे आठशे जण आपापलं नाव, शाळा आणि शाळेचा क्रमांक लिहून पुढं 'उपस्थित' टाकत होते. बाईंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा उपस्थित, उपस्थित, उपस्थित. सहाव्यांदा लिहिलं तेव्हा सूत्रसंचालक म्हणाले, "बिराजदार मॅडमचा प्रश्न छान आहे, पण वेळेअभावी थांबूया." बाईंनी कट्ट्यावरून खाली उडी मारली. मोबाईल फेकून द्यावासा वाटला. पण तो हप्त्यावर घेतलेला होता.

मग तिसऱ्या सत्रात मोबाईलवर टिपून ठेवलेल्या माळाच्या चित्राचा रंगीत प्रिंट त्यांनी सात रस्त्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काढला, मोठ्या कागदावर, आणि चारही वह्या पिशवीत घालून मंद्रूपला गुळवे सरांपुढं जाऊन बसल्या. गुळवे सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्यापुढं बारा शाळा आणि रोजचे चौदा फॉर्म, एवढंच. त्यांनी बाईंना चहा सांगितला, प्रिंट बघितला, वह्याही चाळल्या.

"मुलांचं अक्षर चांगलंय," ते म्हणाले.

"सर, झाडं ओढ्याकाठी लावू. तिथं आधी करंज होते, जांभळी होत्या. मी मुलांना घेऊन खड्डे काढते, चारशे काय, पाचशे लावू. पण माळ सोडा."

"मॅडम, फॉर्मात ओढा नाही हो. तीनच पर्याय आहेत. पडीक, रस्त्याकडेला आणि शाळेचं आवार. मी पडीक टाकून मोकळा झालो."

"बदला मग."

"लिंक काल पाचला बंद झाली."

"उघडायला सांगा की, सर."

"कुणाला?" गुळवे सरांनी विचारलं, आणि ते टोलवत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. लिंक येते, लिंक जाते. तिच्या पलीकडं कोण बसलंय ते त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

मग बाईंनी शेवटचा पत्ता टाकला. हा त्यांनी वाटेत, स्कूटीवर, मनात दहा वेळा घोकला होता.

"सर, तिसऱ्या सत्राच्या चाचणीत तुम्हाला शंभरपैकी शंभर आहेत. तुम्ही ते स्टेटसला ठेवलंय. त्यात सातवा प्रश्न होता, माळावर कोणती कृती टाळावी. तुम्ही स्वतः उत्तर दिलंय, वृक्षलागवड. हे माझं नाही, सर. तुमचंच उत्तर आहे."

गुळवे सर भांबावले.

"मी कुठं असं म्हटलं? मी क म्हटलं."

"क म्हणजे तेच, सर."

"असेल की. तुम्ही पाठवलं तेच मी टाकलं, मॅडम. मी काय तुमच्या शब्दाबाहेर आहे का?"

चहा तसाच ठेवून बाई निघाल्या. मंद्रूपपासून सोलापूरपर्यंत हेल्मेटच्या आत त्या मोठमोठ्यानं कानडीत बोलत होत्या, आणि सगळ्या शिव्या स्वतःलाच होत्या. अठ्ठावीसांतला एक जण जरी नापास झाला असता, तर त्याला ते सत्र पुन्हा ऐकावं लागलं असतं. चाळीस मिनिटं कुणीतरी माळाकडं बघितलं असतं. ते होऊ दिलं नाही कुणी? तर ज्यांना माळाची सगळ्यात जास्त काळजी होती त्यांनी. एका ओळीच्या उपकाराचा आणि चार फुलांचा मोह. बाईंना स्वतःची चीड आली आणि ती अजून गेलेली नाही.

त्यांनी ज्ञानदा मॅडमना गाठायचा प्रयत्न केला. मालिकेच्या पत्त्यावर वह्यांचे फोटो जोडून, एकदा हा माळ बघायला या, असा लांबलचक मेल केला. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे', एवढंच, आणि तेही आपोआप येणारं.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी खड्डे मारायचं मशीन जोडलेला ट्रॅक्टर माळावर आला. यंदा धाविकाच्या एकाच जोडीनं अंडी घातली होती. बाईंनी आणि मुलांनी मैदान आखायच्या फक्कीनं त्या अंड्यांभोवती मोठं पांढरं रिंगण काढलं. ट्रॅक्टरवाला शिवू वाडीचाच, याच शाळेत शिकलेला.

"बाई, हितं काय पुरलंय का?"

"अंडी आहेत, शिवू."

शिवू खाली उतरला. उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला तेव्हा कुठं ती दिसली. "आयला, व्हय की!" त्याच्या तोंडून निघालं. त्यानं मशीन उचललं आणि रिंगण राखून लांबून वळसा घातला. बाईंच्या जिवात जीव आला, तेवढ्यात तो वरून ओरडला, "पर बाई, चारशे भराय पायजेत. हितलं चार तिकडल्या अंगाला मारतो."

दुपारपर्यंत चारशे भरले. तो पक्षी दिवसभर ढिगाऱ्यांच्या मधून पळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता, पण अंड्यांकडं काही गेला नाही. मेंढरांपुढं न हललेलं पाखरू त्या घरघरीला भ्यालं. तिसऱ्या दिवशी मुलांनी जाऊन बघितलं तर अंडी नव्हती. कावळ्यांनी नेली असतील. रिंगण तेवढं जसंच्या तसं होतं.

मग तारेचं कुंपण आलं आणि 'चराईबंदी' अशी पाटी आली. केराबाईला वाचता येत नव्हतं, पाटी बाईंना वाचून दाखवावी लागली. असलं वाचन त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"पडीक म्हंत्यात व्हय ह्येला?" केराबाई म्हणाली. "मंग माजी मेंढरं आजवर काय वारा खात हुती? बाई, तुमच्या त्या मोबाईलमदल्या बाईला येक डाव हितं बोलवा की."

"बोलवलंय गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना तिच्याकडं बघवेना.

केराबाई मेंढरं घेऊन भावाकडं, सीनेच्या बाजूला निघून गेली. वर्गात गवताची नावं विचारायला कुणी उरलं नाही.

सप्टेंबरात निरोप आला की केंद्राला 'उत्कृष्ट केंद्र' म्हणून निवडलंय. शंभर टक्के प्रमाणपत्रं, शंभर टक्के लागवड. सत्कारही ऑनलाइनच होता. बाई जाणार नव्हत्या, पण गुळवे सरांनी चारदा फोन केला. "तुमच्यामुळंच तर झालं, मॅडम. तुम्ही नसाल तर शोभा नाही." त्यांच्या मनात खरोखरच तसं होतं, हेच बाईंना सहन होईना.

त्या कट्ट्यावर उभ्या राहिल्या. मोबाईल उंच धरला. समोर चारशे खड्ड्यांत गिरिपुष्पाच्या काड्या उभ्या होत्या, निम्म्या वाळलेल्या. आठशे बहात्तर जण जोडलेले होते. भाषणं झाली, आभार झाले आणि मग सूत्रसंचालक म्हणाले, "आता या यशाच्या शिल्पकार बिराजदार मॅडम. मॅडम, तुमचा माइक चालू केलाय. दोन शब्द बोला."

पाच सत्रं आणि एका शंकासमाधानात लाल रेघ मारून बंद असलेला तो माइक उघडला. बाईंनी रात्रभर भाषण जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या सत्राच्या चाचणीत सातवा प्रश्न होता. आपण सगळ्यांनी त्याचं बरोबर उत्तर दिलंय. क. तो क म्हणजे काय होता, एवढं कुणीतरी मला सांगा. फक्त एकानं सांगा."

मग सूत्रसंचालक हसले. "वा! मॅडमनी सत्कारातही उजळणी घेतली. खरे शिक्षक! चला, सगळ्यांनी लिहा बरं पटापट."

पडद्याच्या कडेला पहिलं उत्तर उमटलं, 'क'. त्याखाली आणखी एक 'क'. मग ओळीनं यायला लागले, नाव, शाळा, शाळेचा क्रमांक आणि पुढं 'क'. 'उपस्थित, क.' 'अभिनंदन मॅडम, क.' गुळवे सरांचाही आला, मोठा 'क' आणि पुढं अंगठा. बाई डोळे बारीक करून एकेक ओळ वाचत राहिल्या. एखादा तरी शब्द येईल, झाड, माळ, गवत, काहीही. ओळी वर सरकत होत्या आणि खालून नवे क येत होते.

"सर्वांचं उत्तर अगदी बरोबर," सूत्रसंचालक म्हणाले, आणि त्यांनी बाईंचा माइक बंद केला.